अंत्यविधीला काय घालावे, हे कोणी कोणाला सांगावे?

पोप फ्रान्सिस यांचा अंत्यविधी २६ एप्रिल २०२५ रोजी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चौकात झाला आणि त्यानंतर जगभर जी चर्चा रंगली, तिच्यात त्यांच्या कार्याइतकीच जागा उपस्थितांच्या कपड्यांनी व्यापली. गडद सूट आणि काळा टाय असा संकेत असताना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी निळा सूट आणि निळा टाय का घातला, युक्रेनचे अध्यक्ष टायविना काळ्या जाकिटात का आले, यांपैकी कशाने अवमान झाला आणि कशाने नाही, यावर दोन्ही बाजूंनी त्वेषाने लिहिले गेले. बहुतेकांनी आपला राजकीय कल आधी ठरवला आणि मग त्याला सोयीचा निवाडा कपड्यांच्या नावावर दिला. ज्यांच्या निधनाचा हा प्रसंग होता, त्या पोपनी मात्र आदल्याच वर्षी पोपच्या अंत्यविधीचा थाट कमी करून घेतला होता. एकात एक बसणाऱ्या तीन शवपेट्यांची जुनी रीत बंद करून त्यांनी एकाच लाकडी पेटीची सोय लावली होती. त्याच चौकात कार्डिनल मंडळी, पोपच्या अंत्यविधीच्या परंपरेला अनुसरून, लाल वस्त्रांत उभी होती. विधी करणारेच लाल वस्त्रांत असताना निळ्या-काळ्यावरून इतक्या हिरिरीने भांडणाऱ्यांना नेमके काय जपायचे होते?

हा वाद मोठ्यांच्या अंत्ययात्रांपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण तोच वाद लहान प्रमाणात जवळपास प्रत्येक कुटुंबात होतो, आणि तिथे तो जिवंत माणसांना दुखावतो. कोणीतरी जीन्स घालून आला, कोणाच्या अंगावर भडक रंग होता, कोणी चपला घालून आले, कोणी उलट फारच नटून आले, अशा नोंदी अंत्यविधी संपण्याआधीच सुरू होतात. एका पक्षाला वाटते की समाजाची लाज सुटली असून अंत्यविधीलाही लोक बाजारात निघाल्यासारखे येतात. दुसरा पक्ष म्हणतो की दुःख मनात असते, कपड्यांत नसते, आणि ज्याला जे सोयीचे वाटेल ते त्याने घालावे. मला हे दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे दिसतात. दोघेही असे धरून चालतात की कर्तव्य असेल तर ते दुसऱ्याकडून करवून घेण्याचा अधिकारही कोणाकडे तरी असलाच पाहिजे. पहिला पक्ष म्हणतो, कर्तव्य आहे, म्हणून आम्ही जाब विचारणार. दुसरा म्हणतो, जाब विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही, म्हणून कर्तव्यही नाही. माझे म्हणणे असे आहे की अंत्यविधीला जाणाऱ्यावर पेहरावाचे खरेखुरे बंधन असते, आणि ते पाळले गेले की नाही हे तपासण्याचा अधिकार तिथे जमलेल्या कोणालाही नसतो. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटतात, पण आपण एरवीही अशीच बंधने पाळत असतो. आभार मानणे हे कर्तव्य आहे. ते वसूल करायला निघालेला माणूस मात्र आपल्याला लहान वाटतो.

आधी रंगाचा प्रश्न बाजूला करू, कारण त्यावरच सर्वाधिक शक्ती खर्च होते. काळा हा शोकाचा सनातन रंग आहे असे मानणाऱ्यांनी इतिहासाकडे एकदा पाहावे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या राजघराण्यातील स्त्रिया निकटच्या शोकात पांढरी वस्त्रे घालीत. स्कॉटलंडची राणी मेरी अशा पांढऱ्या शोकवेशातील चित्रांमुळे आजही ओळखली जाते. पश्चिम आफ्रिकेतील आकान समाजात निकटचे आप्त लाल आणि काळ्या रंगांत येतात, आणि पूर्ण आयुष्य जगून गेलेल्या वृद्धाला पांढऱ्या रंगात निरोप दिला जातो. जपानमध्ये शोकाचा रंग दीर्घकाळ पांढरा होता. काळा तिथे स्थिरावू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाश्चात्त्य दरबारी रिवाज स्वीकारताना. आज तिथला काळा पोशाख इतका काटेकोर आहे की तो प्राचीन काळापासूनचा असावा असे कोणालाही वाटेल. जी गोष्ट दीडशे वर्षांत पांढऱ्याची काळी होऊ शकते, तिला माणुसकीची कसोटी कसे मानावे?

यावर एक चांगले उत्तर दिले जाते आणि ते मी मान्य करतो. रंग कोणताही असो, त्या समाजाने त्या काळात जो ठरवला आहे तो अर्थपूर्णच असतो. शब्दाचा आवाज यादृच्छिक असला तरी अर्थ यादृच्छिक नसतो, तसेच हे. काळा नैसर्गिकरीत्या दुःखी नाही हे खरे, पण सर्वांनी काळ्याला दुःखाचा अर्थ दिला असताना पिवळा घालून येणारा काहीतरी वेगळे बोलतो, हेही तितकेच खरे. संकेत मानवनिर्मित आहे एवढ्यावरून तो पोकळ ठरत नाही. मात्र हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न टाळता येत नाही: त्या संकेताचा अर्थ काय आहे? ‘काळा घाला’ हा केवळ नियम झाला. त्या नियमामागची विनंती अशी की आज लोकांचे लक्ष तुमच्याकडे जाऊ देऊ नका, आणि तुम्ही तुमचा रोजचा दिवस थांबवून इथे आला आहात हे घरच्यांना दिसू द्या.

नियम आणि विनंती यांतला हा फरक रोमन लोकांना चांगला ठाऊक होता. इ.स.पू. ५६ मधल्या एका भाषणात सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याने वातिनियस या राजकारण्यावर कपड्यांवरून कठोर टीका केली. एका श्रीमंत नागरिकाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ मोठी मेजवानी दिली होती आणि हजारो लोक पांढऱ्या टोग्यात, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्रात, आले होते; वातिनियस मात्र गडद शोकवेशात हजर झाला, कारण त्याला एका राजकीय निर्णयाचा निषेध नोंदवायचा होता. म्हणजे शोकाचाच वेश शोकाच्याच प्रसंगी अपमानकारक ठरला. काळा रंग तोच, प्रसंग मृताच्या स्मरणाचाच, तरीही तो खटकला, कारण त्याने सगळ्यांच्या नजरा मृताकडून स्वतःकडे खेचून घेतल्या. सिसेरोच्या बोलण्यातही राजकीय वैर होतेच, आणि ते विसरून त्याला नीतीचा पाठ मानणे भाबडेपणाचे ठरेल; पण त्याने जिथे बोट ठेवले ती जागा अचूक होती. अशीच दुसरी नोंद ब्रिटनमधली आहे. राजा सातवा एडवर्ड मे १९१० मध्ये वारला आणि पुढच्याच महिन्यात अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींना उच्चभ्रू समाज नखशिखांत काळ्यात आला. भल्या मोठ्या काळ्या टोप्या, काळी पिसे, काळे झालरदार झगे. त्या शर्यती आजही फॅशनच्या इतिहासात आठवल्या जातात. संकेताचे अक्षर तिथे तंतोतंत पाळले गेले. राजासाठी किती शोक झाला हे सांगता येणार नाही, पण कपडे मात्र सर्वांनी पाहिले.

तेव्हा ज्यांना वाटते की ड्रेसकोड कडक केला की आदर परत येईल, त्यांना या दोन प्रसंगांचे उत्तर द्यावे लागेल. महागडा, उत्तम बेतलेला काळा सूट घालून, गडद चष्मा लावून, छायाचित्रकारांना सामोरा जाणारा पाहुणा नियमात बसतो. रात्रपाळी संपवून गणवेशावरच धावत आलेली परिचारिका बसत नाही. दोघांपैकी कोण अंत्यविधीला आला आहे आणि कोण समारंभाला, हे ठरवायला कपड्यांचा रंग उपयोगी पडत नाही.

परंपरेच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र आदराचा नाहीच. तो सोयीचा आहे आणि त्याला मी मनापासून मान देतो. ज्याचे माणूस गेले आहे त्याची विचार करण्याची शक्ती त्या दिवसांत संपलेली असते. काय घालावे, किती दिवस घालावे, कोणासमोर कसे जावे हे रूढीने आधीच ठरवून ठेवले असेल तर त्या माणसावरचे एक ओझे उतरते. शोकवेशामुळे परक्यालाही कळते की समोरच्याशी आज जपून बोलावे. दुकानदार, सहकारी, वाटेत भेटणारा ओळखीचा, कोणालाही काही सांगावे लागत नाही. आज आपण शोकाची बाह्य खूण पुसून टाकली आणि त्याबरोबर ही न बोलता मिळणारी सवलतही पुसली गेली. आई गेल्यानंतर आठवड्याभरात कामावर परतलेल्या माणसाला कोणीतरी हसत ‘काय, सुट्टी कशी झाली?’ असे विचारतो, तेव्हा दंडावरची साधी काळी पट्टीही किती उपकारक ठरली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही. ही हानी खरी आहे, आणि ‘कपडे ते काय’ म्हणणाऱ्यांनी तिचा हिशेब कधी केलेला नाही.

पण ही सवलत ज्या व्यवस्थेतून मिळत होती, ती व्यवस्था पुढे काय झाली तेही पाहिले पाहिजे, आणि तिथे मला थोडे थांबावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडइतके शोकवेशाचे सविस्तर शास्त्र क्वचितच कोणी रचले असेल. प्रिन्स अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारले आणि राणी व्हिक्टोरियाने जानेवारी १९०१ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षे, काळा सोडला नाही. तिचे दुःख तिचे होते. त्यावर बोलण्याचा अधिकार कोणाला नाही. पण तिच्या प्रजेतल्या मध्यमवर्गाने त्यातून जी नियमावली उभी केली ती दुःखाची राहिली नाही. विधवेने वर्षभर आणि वर एक दिवस क्रेपचे निस्तेज काळे कापड वापरायचे, मग क्रेप कमी करीत जायचे, मग रेशमी काळे, मग राखाडी आणि जांभळट छटा; सगळे मिळून दोन-अडीच वर्षे. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८४१ मध्ये उघडलेले जेज् नावाचे दुकान केवळ शोकाच्या सामानाचे होते आणि ते भरभराटीला आले. विधुराला मात्र काळा कोट, हातमोजे आणि टोपीभोवतीचा काळा पट्टा पुरत असे, आणि त्याचा कामधंदा, बाहेर जाणे-येणे, पुनर्विवाहदेखील फारसे अडत नसे. दुःख सारखे असताना ते अंगावर वागवण्याचे काम स्त्रीकडे का आले? कारण नियम तपासणाऱ्यांची नजर पुरुषाच्या अंगावर कधी तितकी रोखलेली नव्हतीच. जिथे जिथे शोकाचा वेश दुसऱ्यांकडून तपासला जातो, तिथे तपासणीचा भार समाजातल्या दुबळ्यावर सर्वाधिक पडतो. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

दुसरा दुबळा म्हणजे गरीब. समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी १८४३ मध्ये इंग्लंडच्या शहरांतील दफनपद्धतीवर जो अहवाल सादर केला, त्यात गरीब कुटुंबे प्रतिष्ठित अंत्यविधीपायी कशी पिळून निघतात हे मांडले आहे. खर्च करणाऱ्यांना मूर्ख म्हणणे सोपे आहे. पण शेजाऱ्यांच्या नजरेत आपल्या माणसाचा निरोप हलका ठरू नये म्हणून जिवंत मुलांच्या तोंडचा घास काढून काळे कापड विकत घेणारी आई मूर्ख नसते. तिला घाबरवलेले असते. ही गोष्ट जुनी झाली असेही समजू नये. थायलंडचे राजे भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ रोजी वारले तेव्हा देशभर काळ्या कपड्यांचा तुटवडा झाला, भाव चढू नयेत म्हणून सरकारला लक्ष घालावे लागले, आणि काळ्यात नसलेल्यांना हटकण्याचे व समाजमाध्यमांवर त्यांची छी-थू करण्याचे प्रकार घडले. शेवटी सरकारनेच लोकांना सांगितले की सर्वांना काळे कपडे परवडतीलच असे नाही, समजून घ्या. जुने कपडे काळ्या रंगात फुकट बुडवून देणारी रंगाची पिंपे अनेक ठिकाणी मांडली गेली. एकाच देशात, एकाच आठवड्यात, एकाच राजावरील प्रेमापोटी काही जण हटकत होते आणि काही जण रंगवून देत होते. पहिल्यांनी संकेताचे रक्षण केले असे म्हणायचे, की दुसऱ्यांनी?

इथे परंपरावादी एक अवघड प्रश्न विचारतो. कोणी टोकायचेच नाही असे ठरले तर संकेत टिकणार कसा? ज्या नियमाला पहारेकरी नाही तो नियम दोन पिढ्यांत संपतो, आणि मग तुमचे ते कर्तव्यही हवेत विरते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण त्याच्या तळाशी जे गृहीत आहे ते तपासून पाहिले तर इतिहासाचा कौल उलटा दिसतो. पहाऱ्याने टिकवलेले शोकसंकेत पहिल्या धक्क्याला कोसळले. व्हिक्टोरियन शोकवेशाला १८७५ पर्यंत संघटित सुधारणाचळवळीने आव्हान दिले होते, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात घरटी मृत्यू होऊ लागल्यावर सगळ्या देशाने क्रेप घालून बसणे अशक्य झाले तेव्हा ती सारी श्रेणीबद्ध इमारत काही वर्षांत ओस पडली. इतक्या काटेकोरपणे राखलेली गोष्ट खऱ्या, अफाट दुःखासमोर मात्र निरुपयोगी ठरली. ज्या पद्धती टिकल्या त्या पाहा. यहुदी परंपरेत राब्बान गामलिएल यांच्याविषयी सांगतात की मृताला नटवण्याचा खर्च इतका वाढला होता की काही आप्त प्रेत तसेच सोडून पळून जात. तेव्हा या प्रतिष्ठित धर्मगुरूने आपल्या स्वतःच्या देहावर साधे तागाचे कफन घालावे असे सांगून ठेवले. त्याने दुसऱ्यांवर बंदी घातली नाही. स्वतःपुरते केले, लोकांनी अनुकरण केले, आणि श्रीमंत-गरीब दोघांना सारखेच साधे कफन ही रीत त्या समाजात आजवर चालत आली आहे. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या मृत्युपत्रात बजावले होते की आपल्या अंत्यविधीला येणाऱ्यांनी शोकाचा पट्टा, झगा, काळी फीत, टोपीवरची लांब पट्टी यांपैकी काहीही घालू नये; या साऱ्या अवडंबराला त्यांनी किळसवाणा मूर्खपणा म्हटले होते. आणि व्हिक्टोरियानेही, चाळीस वर्षे काळ्यात राहून, स्वतःच्या अंत्ययात्रेला काळ्याऐवजी पांढरा रंग मागून घेतला. प्रतिष्ठा असलेल्या माणसाने आपल्या अधिकाराचा वापर स्वतःवर केला की संकेत हलतो, आणि हललेला संकेत लोकांच्या अंगवळणी पडतो. शिक्षेने हे काम कधी नीट झालेले नाही. रोमन सेनेटने इ.स.पू. ५८ मध्ये सिसेरोच्या पाठीशी उभे राहण्यासाठी शोकवेश धारण केला तेव्हा त्या वर्षीच्या कॉन्सलांनी, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, हुकूम काढून तो उतरवायला लावला होता. त्या हुकुमाने कोणाचे दुःख कमी झाले असेल असे वाटत नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण आजचा वारा त्यांच्या बाजूने आहे आणि म्हणून त्यांची चूक अधिक पसरते आहे. ‘दुःख मनात असते’ हे वाक्य खरे आहे, पण त्यातून ‘म्हणून काहीही घालावे’ हे निघत नाही. अंत्यविधीला तुम्ही स्वतःचे दुःख व्यक्त करायला जाता ही समजूतच अपुरी आहे. बहुतेक अंत्यविधींना आपण गेलेल्यापेक्षा मागे राहिलेल्यांसाठी जातो. सहकाऱ्याच्या वडिलांना आपण कदाचित कधी भेटलेलोही नसतो. आपल्या मनात त्यांच्याविषयी दुःख नाही, आणि तसे असल्याचे दाखवायचेही कारण नाही. तरीही आपण जातो, कारण आपल्या उपस्थितीने त्या सहकाऱ्याला आधार वाटावा. मग आपल्या कपड्यांतून आपले मन प्रामाणिकपणे दिसते की नाही हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. विचारायचे ते एवढेच की त्या घरच्या माणसाच्या नजरेला आपण काय देतो. तो ज्या क्षणी सर्वांत उघडा पडलेला आहे त्या क्षणी त्याला आपल्या छातीवरची विनोदी घोषणा वाचायला लावणे, ही प्रामाणिकता होत नाही.

या विषयावरचा सर्वांत समंजस संवाद मला चिनी परंपरेत सापडतो. तिथे शोकाच्या वस्त्रांच्या नात्यानुसार पाच श्रेणी होत्या. आईवडिलांसाठीचा शोक तीन वर्षांचा म्हटला जाई, प्रत्यक्षात तो तिसऱ्या वर्षात संपे. कन्फ्यूशियसचा शिष्य त्साय वो गुरूला म्हणाला की तीन वर्षे फार होतात, एक वर्ष पुरे. इतका काळ विधी आणि संगीत बाजूला ठेवले तर ते मोडून पडतील, आणि वर्षभरात जुने धान्य संपून नवे तयार होतेच. युक्तिवाद अगदी आजचा वाटावा असा आहे. गुरूने त्याला नियमाचे कलम दाखवले नाही. त्याने विचारले, वर्षभरानंतर उत्तम भात खाताना आणि जरीची वस्त्रे नेसताना तुला स्वस्थ वाटेल का? शिष्य म्हणाला, वाटेल. गुरू म्हणाला, तुला स्वस्थ वाटत असेल तर तसे कर. तो निघून गेल्यावर मात्र कन्फ्यूशियस इतर शिष्यांजवळ हळहळला की या माणसात जिव्हाळा नाही. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत आईवडिलांच्या कडेवरून उतरत नाही, हे तो विसरला. मला या प्रसंगातले दोन्ही भाग महत्त्वाचे वाटतात. गुरूने कर्तव्य सोडले नाही, त्याविषयी त्याचे मत तीव्र होते. पण ते पाळायचे की नाही याचा निर्णय त्याने शिष्याच्या मनावर सोपवला, आणि विचारलेला प्रश्न ‘लोक काय म्हणतील’ हा नव्हता. ‘तुला स्वस्थ वाटेल का’ हा होता. शिष्य गेल्यावर त्याने केलेल्या टीकेबद्दल कोणी त्याला नावे ठेवावीत, तर ठेवावीत. ती टीका ऐकून वेश बदलायला लावणारा जमाव त्याने गोळा केला नाही, एवढे खरे.

त्याच गुरूने आणखी एक भेद केला आहे आणि बदलत्या काळात पेहरावाचे काय करावे याचे उत्तर मला त्यात दिसते. विधीत टोपी तागाची सांगितली आहे, पण आता लोक रेशमी घालतात, ती कमी खर्चात होते. म्हणून मी बहुसंख्यांबरोबर जातो, असे तो म्हणाला. राजासमोर पायऱ्यांच्या खाली वंदन करायचे असताना आता लोक वर चढून वंदन करतात, हा मात्र उद्दामपणा आहे. म्हणून बहुसंख्यांच्या विरोधात जाऊन मी खालीच वंदन करतो. म्हणजे कापड बदलले तरी चालेल, नम्रता बदलून चालणार नाही. आजच्या अंत्यविधींना हीच पट्टी लावून पाहावी. सूटऐवजी साधा शर्ट, पांढऱ्याऐवजी राखाडी, नव्या कपड्यांऐवजी कामावरचा गणवेश, लांब झग्याऐवजी नीटनेटकी पँट, हे सगळे टोपीचे कापड बदलण्यासारखे आहे आणि त्यावर शोक करीत बसण्याचे कारण नाही. पण मृताच्या पार्श्वभूमीवर स्वतःचे छायाचित्र काढणे, प्रसंगाचा वेश म्हणून खास खरेदी करून तो जगाला दाखवणे, पहिल्या रांगेत आपण किती उठून दिसतो याचा हिशेब करणे, हे पायरी चढून वंदन करण्यासारखे आहे, मग अंगावरचा काळा रंग कितीही निर्दोष असो. टोकणाऱ्यांची शक्ती नेमकी उलट्या जागी खर्च होते: विटक्या शर्टाकडे त्यांचे लक्ष जाते आणि झगमगत्या काळ्याला ते वाट करून देतात.

२०२० च्या महासाथीत अनेकांनी जवळच्यांना पडद्यावरूनच निरोप दिला. तेव्हा घरात एकटे असूनही, कॅमेरा बंद ठेवता येत असूनही, कपडे बदलून खुर्चीत नीट बसलेली माणसे होती. त्यांना पाहणारे कोणी नव्हते. कर्तव्य आणि पहारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा याहून स्पष्ट दाखला मला देता येणार नाही. जे म्हणतात की नजरेच्या धाकाशिवाय कोणी मान राखणार नाही, त्यांनी या माणसांचा विचार करावा. आणि जे म्हणतात की कपड्यांचा दुःखाशी काही संबंध नाही, त्यांनीही करावा.

राहतो तो नवा आणि खरोखर नाजूक प्रश्न, मृताच्या इच्छेचा. ‘माझ्या निरोपाला कोणी काळे घालू नका, रंगीबेरंगी या’ असे सांगून जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि कुटुंबे ती इच्छा निमंत्रणात लिहितात. परंपरावाद्यांना हा पोरखेळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही. स्वतःच्या मरणावर बोलणारा माणूस एवढा एक अधिकार नक्कीच बाळगतो, आणि डिकन्सच्या मागणीपेक्षा ही मागणी मुळात वेगळी नाही. मित्राने सांगितले म्हणून ज्याला पिवळा सदरा घालून जाता येते, त्याने तो अवश्य घालावा. तिथे काळा घालून हट्टाने जाणारा वातिनियसच्या रांगेत बसतो. पण आनंदी रंगांची सक्तीही सक्तीच असते हे या नव्या रिवाजाचे पुरस्कर्ते विसरतात. ज्या बापाचे पंचवीस वर्षांचे लेकरू गेले आहे त्याला त्या दिवशी फुलाफुलांचा शर्ट अंगावर चढवता आला नाही, आणि त्याने कपाटातले काळे जाकीटच ओढून घेतले, तर त्याच्याकडे बघून ‘मुलाची शेवटची इच्छाही पाळली नाही’ असे पुटपुटणारे लोक क्रेपचे दिवस मोजणाऱ्या जुन्या शेजारणींचेच वारस आहेत. जुन्या काळात माणसाला पुरेसे दुःखी दिसावे लागे, नव्या काळात पुरेसे सावरलेले दिसावे लागते. दोन्हीत त्याच्या अंगावर दुसऱ्याची नजर असते. म्हणून असे निमंत्रण लिहिणाऱ्या कुटुंबाने मृताची इच्छा जशी आहे तशी स्पष्ट लिहावी, कारण अस्पष्ट निमंत्रण पाहुण्याला विनाकारण संकटात टाकते, आणि तिच्याखालीच आणखी एक ओळ जोडावी की ज्याला जमणार नाही त्याने जे जमेल ते घालून यावे.